भिंतीला टेकून बसा, पण श्वास कोंडू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझं वय ६०. नागपूरच्या महाल भागात जुन्या घरात राहते. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. उजवा गुडघा दुखतो, एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज दिसली आहे. बीपीची एक गोळी चालू आहे, त्यावर बीपी १३५/८५च्या आसपास राहतं. बसक्या दिवाणावरून उठताना मधेच अडकायला होतं, हाताने रेटा द्यावाच लागतो. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. मागच्या कार्तिकी पौर्णिमेला सगळे रामटेकला गेलो, तेव्हा मी पायऱ्यांशीच बसून राहिले. त्यात उन्हाळ्यात सकाळी आठनंतर फिरायला बाहेर पडायची सोय नाही.

भाचा जिमला जातो. तो म्हणाला, "मावशी, आयसोमेट्रिक कर. हलायचंच नाही, नुसतं भिंतीला टेकून अधांतरी बसायचं." त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं, मी दात-ओठ खाऊन दीड मिनिट बसले, आणि उठले तर डोळ्यांसमोर अंधारी आली. तेव्हापासून आमचे हे म्हणतात, "या वयात काहून हा खटाटोप?" न हलता ताकद खरंच वाढते का? मला ते चालेल का? किती करायचं? त्याने बीपीची गोळी सुटते असंही ऐकलं. आणि भाचा हाताने दाबायची स्प्रिंग आणून देतो म्हणतो, ती घेऊ का?

— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर

ताई, ताकदीचं नंतर बघू. आधी त्या अंधारीचं बोलू, कारण ती का आली हे कळलं की निम्मी सुरक्षितता हातात येते.

दात-ओठ खाऊन जोर लावणारा माणूस नकळत श्वास कोंडतो. कोंडलेल्या श्वासाने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. त्याच वेळी मांड्यांचे स्नायू आवळून कडक झालेले असतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून तिथे रक्त पोचवायला शरीर बीपी चढवतं. मग घड्याळ वाजतं आणि तुम्ही एका झटक्यात उभ्या राहता. श्वास सुटतो, मांड्या सैल पडतात, इतका वेळ दाबलेल्या स्नायूंत रक्त धावत शिरतं आणि चढलेलं बीपी झपकन खाली येतं. डोक्याकडे काही क्षण रक्त कमी पडतं. वरून बीपीची गोळी, वरून आपला उन्हाळा, आणि सकाळपासून चहाशिवाय पोटात काही गेलं नसेल तर अंधारी यायला आणखी काय लागतं?

श्वास कोंडून जोर लावला की दाब कुठवर जाऊ शकतो, हे १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं. कसलेल्या तरुण बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून त्यांनी दाब बघितला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० भरला, तोही निरोगी पोरांचा. तुमची भिंत त्या वजनाच्या जवळपासही नाही, तेव्हा हे आकडे वाचून घाबरू नका. मला एवढंच सांगायचं आहे की कोंडलेला श्वास आणि पूर्ण जोर ही जोडी वाईट. तुमच्या भाच्याने घड्याळ लावलं, पण तुमच्या श्वासाकडे कोणी पाहिलं नाही.

तरी ही अंधारी एकदा तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आडवं झोपून आणि मग उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजून मागा. उभं राहिल्यावर ते बरंच उतरत असेल तर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागते, आणि तो निर्णय त्यांचाच. एक्स-रे आणि गोळीचं नावही दाखवा. काही बीपीच्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. तुमची गोळी तशी असेल तर व्यायामात नाडीवरून जोराचा अंदाज लागणार नाही, बोलता येतंय की नाही यावरूनच तो घ्यावा लागेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही इथेच सांगून ठेवते. बीपी १८०/११० किंवा त्याच्या वर असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चालताना छातीत दुखत असेल, धमनीला फुगा असल्याचं निदान असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, काचबिंदू असेल, हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. बीपी १६०/१००च्या वर राहत असेल तरी आधी ते आटोक्यात आणा, भिंत कुठे पळून जात नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, न हलता ताकद वाढते. स्नायू आवळला जातो, सांधा मात्र जागचा हलत नाही. स्नायूला ताण मिळाला की पुरे, तो वजन उचलून मिळाला की न हलणाऱ्या भिंतीला रेटून, याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद तर बरीचशी मेंदू आणि नसांची असते. स्नायू आकाराने तेवढाच असतो, पण त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकतं.

तुमच्यासारख्या गुडघ्याच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे. गुडघा दुखत असेल किंवा त्यात थोडी सूज असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूमच कमी होतो. सांध्याला वाचवायला शरीराने लावलेला तो ब्रेक असतो. पण ब्रेक लागला की स्नायू बारीक होतो, स्नायू बारीक झाला की सांध्यावर जास्त भार येतो, मग आणखी दुखतं, आणि हे चक्र थांबत नाही. सांधा न घासता त्या स्नायूला जागं करायचा मार्ग म्हणजे आयसोमेट्रिक. म्हणून तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अगदी सुरुवातीला फिजिओ पेशंटला पलंगावरच मांडी आवळायला लावतात.

याचा इतिहासही थोडा माहीत असावा, म्हणजे मोबाइलवरच्या मोठमोठ्या दाव्यांना कुणी भुलणार नाही. १९५३ साली जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर या दोघांनी सांगितलं की, पूर्ण ताकदीच्या दोन तृतीयांश जोराने, दिवसातून एकदाच, फक्त सहा सेकंद स्नायू आवळला तरी आठवड्याला सुमारे ५ टक्के ताकद वाढते. जगभर एकच गाजावाजा झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वजन उचलणाऱ्यांनी या पद्धतीचा डंका पिटला, त्यासाठी खास लोखंडी चौकटी विकल्या गेल्या. पुढे कळलं की त्यातले काही जण त्याच काळात स्टेरॉइडच्या गोळ्याही घेत होते. नंतरच्या अभ्यासांत ताकद वाढते हे टिकलं, पण तो सुरुवातीचा वेग टिकला नाही. म्हणून सहा सेकंदांत कायापालट असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. हे काम आठवड्यांचं आणि महिन्यांचं आहे.

आणखी एक गोष्ट भाच्याने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या कोनात तुम्ही सांधा धरून ठेवता, ताकद मुख्यतः त्याच कोनात वाढते. त्याच्या आगेमागे साधारण १५-२० अंशांपर्यंत फायदा पोचतो, त्यापलीकडे कमी कमी होत जातो. म्हणजे भिंतीला टेकून एकाच उंचीवर पाच मिनिटं बसायला शिकलात तरी दिवाणावरून उठताना अडकायचं ते अडकेलच, कारण अडकण्याचा कोन वेगळा आहे. मिनिटं मोजत बसण्यापेक्षा आपला दिवस नेमका कुठे अडतो ते शोधायचं आणि त्या कोनात ताकद लावायची.

तुमचा कोन शोधू या. हाताची एक दणकट खुर्ची घ्या, ती मागे भिंतीला लावा म्हणजे सरकणार नाही. समोर जड टेबल असू द्या, गरज पडली तर धरायला. आता हात न लावता अगदी सावकाश बसायचं. सुरुवातीला शरीर तुमच्या ताब्यात राहील, आणि मग एका ठिकाणी ताबा सुटून तुम्ही धपकन बसाल. ज्या उंचीवर ताबा सुटला तो तुमचा अडकण्याचा कोन. खुर्चीवर घडी घातलेली चादर किंवा जाड उशी ठेवून बैठक त्या उंचीपेक्षा थोडी वर आणा. आता बसलेल्या स्थितीतून पावलं थोडी मागे घ्या, छाती पुढे झुकवा, आणि कंबर उशीपासून फक्त दोन बोटं वर उचला. तिथेच थांबा. मांड्या थरथरतील, तेच हवं आहे. पाच सेकंद झाले की धपकन न बसता हळूच टेका. दोन-तीन श्वास घ्या. असं पाच वेळा. आठवडाभराने पाच सेकंदांचे आठ करा, मग दहा. दहा सेकंद सहज जमू लागले की चादरीची एक घडी कमी करा. घडी घडी करत खाली गेलात की काही महिन्यांत दिवाणाच्या उंचीवर पोचाल. गुडघ्याला सोसेल तेवढंच खाली, घाई नाही.

तुम्ही धरून ठेवाल तेव्हा मोठ्याने पाढा म्हणा. शिक्षिका होतात, बावीसचा-तेवीसचा पाठच असेल. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. आवाज अडकायला लागला, शब्द दाबून बाहेर पडायला लागले, की जोर जास्त झाला, सोडून द्या. जोर दहापैकी पाच-सहा असू द्या, दहापैकी दहा कधीच नको. आणि सुरुवात-शेवट झटक्याने नको. जोर हळूहळू चढवायचा, हळूहळू उतरवायचा, आणि संपल्यावर मिनिटभर खुर्चीत बसून मग उठायचं. पाय जागच्या जागी हलवले तरी बरं. त्या दिवसासारखी अंधारी येऊ नये म्हणून हे शेवटचं मिनिट मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण हा खुर्चीचा व्यायाम पहिल्या दिवशी नको. आधी दोन आठवडे पलंगावर मांडी जागी करा. पाय लांब करून बसा, पाठीला तक्क्या, उजव्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. गुडघ्याची मागची बाजू टॉवेलवर दाबा. मांडी कडक होईल आणि वाटी किंचित वर सरकेल. वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून बघा. तिथे फुगवटा जाणवायला हवा. सुरुवातीला तो डाव्या पायापेक्षा मऊ लागेल आणि आवळायला एखादा क्षण उशीरही होईल, ब्रेक लागलेला असतो तो तिथेच. सहा सेकंद दाबायचं, सहा सेकंद सोडायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही पायांना. हा रोज केला तरी चालतो. बोटांखालचा फुगवटा दोन्ही पायांत सारखा लागायला लागला की पुढे जायची वेळ झाली.

मग भिंत. तुमच्या भाच्याने बहुतेक मांड्या जमिनीला समांतर होतील इतकं खाली बसवलं असेल. झीज झालेल्या गुडघ्याला ते सुरुवातीलाच नको, कारण उभ्याने गुडघा जितका वाकतो तितका वाटीमागचा दाब वाढत जातो. गुळगुळीत भिंतीला पाठ लावा, पावलं भिंतीपासून फूटभर पुढे आणि खांद्याइतक्या अंतरावर. आता पाठ टेकलेलीच ठेवून फक्त चार बोटं खाली सरका. बस, एवढंच. गुडघा टाचेच्या बरोबर वर दिसला पाहिजे, आत झुकलेला नको. वीस सेकंद, पाढा चालू, मग भिंतीच्या आधारानेच वर. एक-दोन मिनिटं विश्रांती. असं चार वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला पाच-दहा सेकंद वाढवा. मिनिटभर आरामात व्हायला लागलं की मग थोडं खाली, आणि तेव्हा पावलं थोडी पुढे घ्या. वीतभर खाली हा तुमचा मुक्काम समजा, त्याखाली जायची तुम्हाला गरज नाही. अनवाणी करा आणि फरशी आधी पुसून घ्या. उन्हाळ्यात कूलरसमोरची फरशी हमखास ओलसर होते आणि पाय सरकतो.

जिन्यासाठी वेगळा कोन लागतो. उतरताना वरच्या पायरीवरचा पाय किंचित वाकून सगळं वजन धरतो. ओट्याला दोन्ही हातांनी हलकंच धरा, गॅस बंद असू द्या, एका पायावर उभ्या राहा आणि तो गुडघा अगदी थोडा सैल सोडा. दहा सेकंद, मग दुसरा पाय. तिथेच उभ्या उभ्या दोन्ही टाचा उचलून दहा सेकंद थांबा, पोटऱ्यांसाठी. आणि हात ओट्याच्या कडेवर ठेवून पावलं मागे न्या, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ फळीसारखं ठेवा. जमिनीवरच्या प्लँकपेक्षा हे कितीतरी हलकं पडतं, पोट आणि पाठ दोन्ही काम करतात. इथेही दहा-दहा सेकंदांच्या छोट्या फेऱ्या करा. पाठीच्या कण्यावर आयुष्यभर काम केलेले कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिलही एका दमात मिनिटंच्या मिनिटं धरण्यापेक्षा दहा सेकंदांच्या आसपासच्या छोट्या फेऱ्यांचाच आग्रह धरतात.

आसनं करत असाल तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने नागपुरातल्या किती घरांत आसनं पोचवली आहेत! उत्कटासन, वीरभद्रासन ही स्थिर धरून ठेवायचीच आसनं. तिथेही नियम तेच, गुडघा सोसेल तेवढा वाकवायचा आणि श्वास वाहता ठेवायचा.

दुखण्याचं काय? मांडीत जळजळ, थरथर हे चालेल. गुडघ्यात दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखाच असला, तर व्यायाम बरोबर चालला आहे. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं किंवा सूज आली तर एक पायरी मागे या, व्यायाम सोडून देऊ नका. गुडघा गरम, लाल होऊन सुजला, किंवा मधेच लॉक होऊन सरळ होईना, तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखणं किंवा जडपणा, दुखणं हातात-जबड्यात जाणं, एकाएकी प्रचंड डोकेदुखी, दिसेनासं होणं, अशा वेळी घरी वाट बघायची नाही. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळचं खाजगी, जे लवकर गाठता येईल ते गाठायचं.

गोळीविषयी तुम्ही जे ऐकलं त्यात खरं काय तेही सांगते. २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक मोठा आढावा आला, २७० चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक माणसं. त्यात आयसोमेट्रिक व्यायामाने वरचं बीपी सरासरी ८ आणि खालचं ४ अंकांनी उतरलेलं दिसलं. चालणं-धावणं-सायकल या प्रकारांत वरचं साधारण साडेचार अंकांनी उतरलं होतं. वरच्या बीपीसाठी सगळ्यात परिणामकारक ठरली ती हीच भिंतीची बैठक. या चाचण्यांतली नेहमीची पद्धत म्हणजे दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मधे एक ते चार मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीनदा. व्यायाम करताना बीपी चढतं आणि नियमित केल्यावर एरवीचं बीपी उतरतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुम्ही तिथवर पोचाल, पण दोन-तीन महिन्यांनी, आणि तुमच्या चार बोटांच्या किंवा वीतभराच्या उंचीवर.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आठ अंक ही सरासरी आहे, तुमचे किती उतरतील ते तुमच्या वहीतच दिसेल. बीपी खरंच उतरायला लागलं तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. मात्रा कमी करायची असेल तर ते करतील, आणि तशी वेळ आली तर मला मनापासून आनंद होईल.

चालणं सोडू नका. आयसोमेट्रिकने दम वाढत नाही, सांधाही मोकळा होत नाही. ४५ अंशांच्या मे महिन्यात फिरायला जा असं मी सांगणार नाही. पहाटे सहाला अर्धा तास चाला, नाही जमलं तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. आणि कोनात ताकद आली की तिला हालचालीत आणा. दोन बोटं उचलून धरणं जमलं की त्याच उंचीवरून पूर्ण उठा-बसा, पाच वेळा. टाचा धरून ठेवणं जमलं की टाचा वर-खाली. मग खालच्या एका पायरीवर चढणं-उतरणं, कठडा धरूनच. रामटेकच्या पायऱ्यांना हीच ताकद लागते, आणि आत्ता सुरू केलंत तर येत्या कार्तिकीला निदान थोड्या तरी पायऱ्या चढायला जायला हरकत नाही. उतरताना मात्र कुणाचा तरी हात धरा.

कूलरचंही सांगून टाकते, कारण उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या बायांच्या पाठी-गुडघ्यांच्या तक्रारींत हे हमखास निघतं. नळाखालून भरलेली बादली उचलायची, श्वास रोखून कूलरच्या तोंडापर्यंत न्यायची आणि तिथे तिरकी धरून ओतायची, हाही पूर्ण जोराचा आयसोमेट्रिकच झाला, तोही कोंडलेल्या श्वासाने. पाइप लावा. पाइप पोचत नसेल तर अर्धी बादली, किंवा तांब्याने. भाच्याला व्यायामाची एवढी हौस आहे तर बादल्या त्याला उचलू द्या.

यजमानांच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. तुम्हाला अंधारी आलेली त्यांनी पाहिली आहे. पण त्यांना सांगा, या वयात स्नायू आपणहून झिजत जातो, आणि ताकद तर स्नायूच्या आकारापेक्षाही लवकर कमी होते. बसून राहिलं की तो वेग वाढतो. साठीतली बाई पडते ती बऱ्याचदा घरातच, जिन्यावर, न्हाणीघरात, आणि त्या क्षणी सावरायला मांडीतली ताकदच कामी येते. शक्य असेल तर त्यांनाही सोबत घ्या. तुम्ही खुर्चीवरून उठताना ते समोर उभे असले तर तुम्हालाही धीर येईल, आणि पाढा चालू आहे की नाही हे ऐकायला कुणीतरी लागतंच.

राहिली ती स्प्रिंग. मूठ आवळून बीपी उतरवण्याचे प्रयोग खरे आहेत, पण ते जोर मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण ताकदीच्या साधारण ३० टक्क्यांवर केलेले. बाजारातली स्प्रिंग एकाच कडकपणाची येते. ती दाबताना तुमचा किती टक्के जोर लागतो हे कळत नाही. तुमची अडचण मांडीची आहे, मुठीची नाही, तेव्हा नका घेऊ. भाच्याला काही आणायचंच असेल तर दंडाला पट्टा बांधायचं बीपी मशीन आणू द्या, मनगटाचं नको. पट्ट्याचं माप तुमच्या दंडाला बसतं का ते दुकानातच बघून घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून शांत बसायचं, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहा. व्यायामाच्या दिवशी व्यायामाच्या आधी मोजा, लगेच नंतर नको, तेव्हाचा आकडा फसवतो. दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि भिंतीची बैठक त्यांच्याशी बोलून झाल्यावरच सुरू करा. पलंगावरचं मांडी आवळणं मात्र आज संध्याकाळपासून चालेल.